मागे राहिलेली एक नोंद

१

धोंडाबाईंचं पितळी पातेलं आठवडाभर माझ्या ओट्यावर पालथं पडलं होतं. शेजारधर्म म्हणून त्यांनी त्यातून पावट्याची उसळ पाठवली होती. उसळ संपली, पातेलं घासून लख्ख झालं, पण रिकामं परत कसं द्यायचं? मी एकटी राहते. माझ्या स्वयंपाकघरात कुणाला द्यावं असं काही शिजतच नाही. त्या शनिवारी सकाळी निदान चिवडा तरी करावा म्हणून पोहे चाळायला घेतले, तेवढ्यात प्रज्ञेशचा फोन आला.

"रतनताई, सगळं गेलं," तो म्हणाला. "पोर्टल रिकामं आहे. कुणीतरी सगळ्या नोंदी उडवल्यात."

मी विमा कंपनीत सर्व्हेअर होते. गोदाम जळालं की मालक रडत यायचा, आणि राख चिवडून ते रडणं खरं किती हे सांगायचं माझं काम होतं. निवृत्त झाल्यावर मी कुसगावात घर घेतलं. नोकरीनं मला एवढंच शिकवलं की झालेलं नुकसान भरून निघत नाही, फक्त त्यावर कुणाचं नाव लिहायचं ते ठरतं. हे प्रज्ञेशला ठाऊक होतं, तरी त्यानं मलाच बोलावलं. पोलिसांनी नुसता अर्ज घेऊन ठेवला होता.

प्रज्ञेशची 'पाणवठा' ही संस्था कार्ल्याच्या फाट्यावर चिक्कीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चालते. मावळातल्या बायका दर आठवड्याला आपापल्या विहिरीचं पाणी तपासतात. रंग, वास, चव पाहायची, पट्टी बुडवून क्षार बघायचे आणि टॅबलेटवर नोंद करायची. या नोंदींवरून आलेख काढून देणारं सॉफ्टवेअर एका परदेशी कंपनीचं. सगळे त्याला पोर्टल म्हणतात. धर्मादाय संस्थांना ते फुकट, आणि चार टॅबलेटही कंपनीनंच वापरायला दिलेले.

दिवाळीनंतर कंपनीचा मेल आला की संस्थांसाठीची मोफत सेवा बंद होणार. कधी, ते लिहिलं नव्हतं. मग दुसरा मेल आला, मुदत वाढवलीय. मग तिसरा, फेरविचार चालू आहे. लग्न मोडलं असंही म्हणत नाहीत आणि तारीखही काढत नाहीत, त्यातली गत. त्या टांगणीत संस्थेतलं प्रत्येक माणूस आपापल्या परीनं घाबरलेलं होतं.

आणि मंगळवारी सुनावणी होती.

सुदुंबऱ्याच्या बाजूला माळावर एक बौद्ध वस्ती आहे. प्रज्ञेश तिथलाच. छप्पन साली धर्मांतर झाल्यावर वस्तीतल्या माणसांनी, कुणाच्या विहिरीवर ओंजळ पसरायला लागू नये म्हणून, स्वतः पहारी मारून एक विहीर खणली. प्रज्ञेशचा आजा कोंडाजी त्यातला. चार वर्षांपूर्वी शेजारी एका कारखान्यानं सांडपाण्याचा खड्डा केला आणि विहिरीचं पाणी हळूहळू नासलं. आता कारखान्याला दुसरा खड्डा हवा होता, तोही विहिरीच्या अंगालाच. मंगळवारच्या सुनावणीत परवानगी मिळाली की विहीर बुजवणार, हे नकाशातच होतं. आज पाणी तपासलं तर वाईटच निघेल, पण कारखाना म्हणतो, तुमच्याच संडासांमुळे. पाणी आधी चांगलं होतं आणि खड्डा झाल्यापासून पायरीपायरीनं बिघडत गेलं, हे फक्त त्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दिसत होतं.

मी पोचले तेव्हा प्रज्ञेश भिंतीला टेकून उभा होता. त्याची आई हिराबाई मोरीत कप विसळत होती. वस्तीच्या विहिरीच्या नोंदी तीच करायची. मला बघून ती हात पुसत आली.

"ताई, घरात ठिवलेलं कसं वो गेलं?" ती म्हणाली. "चोर सापडंल न्हवं?"

"बघते," मी म्हटलं.

प्रज्ञेशनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. हजारो नोंदींची यादी जिथे असायची तिथे पांढरा पडदा होता. नाही म्हणायला मधोमध एकच ओळ होती. कालची, शुक्रवार दुपारची.

वस्तीवरची विहीर. रंग: नितळ. चव: गोड.

२

"आता सांगा, कुणाचं काम आहे?" प्रज्ञेश म्हणाला. "सगळा पुरावा पुसला आणि वर लिहून ठेवलं, पाणी गोड! बाजीराव काल इथे येऊन बसला होता. मी वडगावला तहसील कचेरीत होतो. मी त्याच्या नावानं तक्रार देतो."

बाजीराव म्हणजे वस्तीलगतच्या गावचे जमीनदार. खड्ड्याची जागा त्यांनीच कारखान्याला भाड्यानं दिलेली.

"थांब," मी म्हटलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी नको. बाजीराव संन्यासी नाहीत, हे कबूल."

उडवणाऱ्याचं नाव पोर्टलमध्येच सापडायला हवं होतं. पण कुणी कधी काय केलं हे दाखवायची सोय मोफत खात्यांना गेल्या महिन्यात बंद झाली होती. त्यात पासवर्ड सगळ्यांना एकच, वाड्याच्या फाटकाच्या किल्लीसारखा. नोंदी भरणाऱ्या बायकांपासून आल्यागेल्या पाहुण्यापर्यंत कुणीही आत जाऊ शकत होतं.

मी खोलीभर फिरले. फळीवर चार टॅबलेट ओळीनं ठेवलेले होते, काचा अशा पुसलेल्या की माझा चेहरा दिसला. त्यांच्या कापडी पिशव्या गॅलरीतल्या दोरीवर वाळत होत्या. शिवणीजवळ अजून दमट होत्या.

"या कुणी धुतल्या?" मी कोमलला विचारलं. कोमल कार्ल्याची, संस्थेचं सगळं संगणकाचं काम बघणारी, तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी.

"शुक्रवारी बायका येतात ना मॅडम. धुतल्या असतील कुणीतरी." तिचं लक्ष नव्हतं.

"तू कुठे होतीस दुपारी?"

"झेरॉक्स काढायला गेले होते. तळेगावला."

तिच्या पर्समधून एक पिवळा व्हिजिटर पास डोकावत होता. कुसगावातल्या एका मोठ्या हॉटेलाचा. माझ्या घरासमोरून रोज त्या रंगाचे पास गळ्यात घालून माणसं जातात.

"तळेगावच्या झेरॉक्सवाल्याकडे पास लागतो का ग?" मी विचारलं.

तिचा चेहरा उतरला. मग ती एकदम रडायलाच लागली. "रिसेप्शनला मुलाखत होती. दादांना सांगू नका. पोर्टल बंद झालं तर मी इथे काय करणार? मेल आल्यापासून मला झोप नाही. आज बंद, उद्या बंद. घरी सगळे विचारतात, नोकरी आहे की गेली? मला तरी कुठे माहितीये?"

"आणि जाता जाता साफ करून गेलीस?"

"मी?" तिनं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "मॅडम, यातल्या निम्म्या नोंदी माझ्या हातच्या आहेत. मी आणि बायकांनी... आणि मी त्या उडवेन?"

मला ते रडणं खरं वाटलं. खोटं रडणारा माणूस रडताना आपल्याकडे बघत असतो.

दुसरा होता सुरज. लोणावळ्यात हॉटेलांची बिलिंगची यंत्रं सांभाळतो, आणि प्रज्ञेशला दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर विकायला शुक्रवारी आला होता. जुनं मेल्याशिवाय त्याचं नवं खपणार नव्हतं. मी त्याला खालच्या वडापावच्या गाडीवर गाठलं.

"मॅडम, लॉजिक बघा ना," तो मिरचीचा देठ बाजूला काढत म्हणाला. "डेटा शिफ्ट करायचे पैसे मला मिळणार होते. तीच माझी कमाई. ट्रकच रिकामा असेल तर भाडं कोण देतं?"

"मग कोण?"

"ते मला नाही माहीत. पण एक सांगू? मी सकाळी चेक केलं, ट्रॅशपण साफ आहे. डिलीट मारणारा माणूस ट्रॅश कधी बघत नाही, त्याला पळायची घाई असते. ट्रॅशमध्ये असतं तर दोन मिनिटांत परत आणलं असतं मी. इथे कुणीतरी एकदम निवांत, कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून काढलंय."

"आणि कंपनीकडून परत मिळेल?"

तो हसला. "मेल टाकला ना दादानं. मिनिटात रिप्लाय. मोफत खात्यांसाठी मदत उपलब्ध नाही, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद."

३

रविवारी सकाळी मी बाजीरावांकडे गेले. ते ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दात कोरत होते. मला बघून उठले, खुर्ची पुढे केली. माणूस वागायला वाईट नाही, हीच त्यांच्याबद्दलची अडचण.

"या बाई, बसा. त्या पोरानं माजं नाव घेतलं आसंल."

"शुक्रवारी तुम्ही ऑफिसात कशाला गेला होतात, भाऊ?"

"बोलाया. म्हनलं, सुनावनीआधी येकदा बसू. पोरगं शिकल्यालं हाय, गावात वैर कशाला? पर तो न्हवता. घटकाभर बसलो. त्याच्या आयनं च्या दिला, त्यो पिलो आन् आलो."

"टॅबलेटला हात लावला?"

"मी?" ते मोठ्यानं हसले. "बाई, मला त्यातलं काय बी कळत न्हाई. मला उडवायचंच आसतं तर त्या पाट्या उचलून खानीत टाकल्या आसत्या. येक सांगू? माज्या इहिरीचं पानी बी नासलंय. गुरं तोंड लावीत न्हाईत. पर करार केलाय, आता बोंबलून काय उपेग?"

"मग त्या नोंदीत पाणी गोड कुणी लिहिलं असेल?"

"मी लिवलं आसतं तर माज्या इहिरीचं लिवलं आसतं. वस्तीवरच्या इहिरीचं पानी गोड का कडू, मला काय ठावं? उभ्या जन्मात मी ते पानी तोंडाला लावलं न्हाई."

"का?"

ते माळाकडे बघायला लागले. "आमच्यात न्हाई लावत." मग जरा थांबून म्हणाले, "न्हवते लावत, म्हंजी."

"पण हिराबाईंच्या हातचा चहा प्यालात?"

"आफिसात चालतं," बाजीराव म्हणाले.

मला त्यांचा राग आला, आणि तरी एक गोष्ट कबूल करणं भाग होतं. हा माणूस खरं बोलत होता. इतकं लाजिरवाणं खोटं कुणी स्वतःच्या बचावासाठी रचत नाही.

परतताना गाडीत मी नावं मोजली. कोमलनं केलं नाही, सुरजला तोटा, बाजीरावांना जमलं नसतं. मग उरलं कोण? उरला होता तो एकच माणूस, ज्यानं मला बोलावलं होतं.

४

प्रज्ञेश ऑफिसात एकटाच होता. टेबलावर सुनावणीचे कागद पसरलेले. मी दार लोटून घेतलं.

"हिराबाई काल म्हणाल्या, घरात ठेवलेलं कसं गेलं," मी म्हटलं. "पोर्टल घरात नसतं. त्या कशाबद्दल बोलत होत्या?"

तो टेबलावरचे कागद गोळा करायला लागला.

"म्हणजे तू नोंदी घरी उतरवून घेतल्यास, असं त्यांना सांगितलंयस. मग आपण कशाला रडतोय? दाखव."

त्यानं लॅपटॉपमध्ये एक फाइल उघडली. सुंदर रंगीत आलेख होते. निळ्या रेषा, लाल रेषा, वर संस्थेचं बोधचिन्ह. मी पानं खाली सरकवत गेले. आकडा एकही नव्हता.

"बाकी?"

"बाकी नाही," तो म्हणाला. "उतरवायला घेतलं की अर्ध्यात तुटायचं. मदत मागितली की तेच उत्तर. मग मुदत वाढल्याचा मेल यायचा आणि मला वाटायचं, करू पुढच्या आठवड्यात. परत बंद होणार म्हटलं की पुन्हा घाई. किती वेळा, ताई? शेवटी मेल उघडायचीच भीती वाटायला लागली."

"पूर्वीच्या वह्या असतील ना बायकांच्या?"

"पोर्टल आलं तेव्हा मीच बंद केल्या. जुन्या नोंदी पोर्टलवर चढवल्या आणि वह्या रद्दीत दिल्या. कागद वाचवा म्हटलं."

"मग घेतलंय म्हणून सांगितलंस कशाला?"

"आईला सांगितलं." त्यानं तळव्यांनी चेहरा झाकला. "रोज विचारायची. 'समदं घेतलंस न्हवं? आमची येवढी वर्सं हायेत त्यात.' रोज. एक दिवस म्हटलं, घेतलं ग, घरच्या कॉम्प्युटरवर आहे सगळं. शांत झोपली ती त्या दिवशी. मग बाकीच्यांनाही तेच सांगत गेलो."

मला त्याला चार शब्द सुनवायचे होते. पण त्याच्याकडे बघून धीर झाला नाही. त्यानं काही उडवलं नव्हतं, एवढं स्पष्ट होतं. उडवायला आधी पोर्टल उघडावं लागतं, आणि तो तर ते उघडायलाच घाबरत होता.

मी त्याचा लॅपटॉप ओढून घेतला आणि त्या एकुलत्या एक नोंदीवर बोट ठेवलं. दोन दिवस आम्ही सगळे यादीतली ओळच वाचत होतो. ती उघडून कुणी बघितलीच नव्हती. उघडली, तर खाली शेऱ्याच्या चौकटीत आणखी एक वाक्य होतं.

डाळ लवकर शिजते.

"हे काय?" प्रज्ञेश म्हणाला.

कारखान्याचा कुठलाही माणूस हे वाक्य लिहिणार नाही. ते लिहिणारीनं त्या पाण्यात डाळ शिजवलेली असणार. पण माझ्या डोक्यात सगळं एकत्र येईना. विहिरीवर जीव असलेली बाई विहिरीचा पुरावा पुसेल कशाला?

"ती ओळ तरी आपण काढू," प्रज्ञेश म्हणाला. "सुनावणीच्या अर्जात मी पोर्टलचाच पत्ता दिलाय. अधिकारी उघडतील, कारखान्याचे वकील उघडतील, आणि त्यांना एवढंच दिसेल."

त्यानं नोंद निवडली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी आली. आजपासून मोफत खाती फक्त वाचण्यासाठी खुली राहतील. बदल करता येणार नाही.

इतके दिवस तारीख न सांगणाऱ्या कंपनीला नेमका आजचा मुहूर्त सापडला होता.

५

घरी आले तर ओट्यावर धोंडाबाईंचं पातेलं तसंच. चिवडा राहूनच गेला होता. मनात म्हटलं, निदान साखर तरी घालू मूठभर. भांडं रिकामं देऊ नये आणि त्यात कडूजहर तर घालूच नये, काहीतरी गोड घालावं, हे माझ्या आईनं सांगितलेलं. मी पातेलं पुन्हा एकदा पुसलं आणि डब्यातून साखर ओतायला लागले.

ओतता ओतता माझा हात थांबला.

उसनं आणलेलं भांडं आपण आधी स्वतःचा जिन्नस काढून रिकामं करतो. खरकटं कोपऱ्याकोपऱ्यातून काढतो. घासतो, पुसतो. आणि मग त्यात थोडं काहीतरी गोड घालून ज्याचं त्याला परत करतो.

साफ केलेला ट्रॅश. पुसलेल्या काचा. धुतलेल्या पिशव्या. पाणी गोड.

पोर्टलमध्ये चोर शिरलाच नव्हता. कुणीतरी ते रीतीनं परत केलं होतं.

दिवस मावळायला अवकाश होता. मी तशीच वस्तीवर गेले. हिराबाई अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. मागे विहिरीचा कठडा दिसत होता, आणि त्यापलीकडे खड्ड्याभोवतीचा निळा पत्रा.

"जयभीम ताई, या," ती म्हणाली. "सापडला का चोर?"

मी तिच्याजवळ टेकले. "हिराबाई, शुक्रवारी टॅबलेटच्या पिशव्या तुम्ही धुतल्या?"

"व्हय. कंपनीला माघारी द्यायच्यात न्हवं? मळक्या कशा द्यायच्या?"

"आणि आतलं?"

"आतलं बी काढलं म्या. कोमलनं शिकिवल्यालं, समदं निवडायचं आन् पुसायचं. बाजीरावभाऊ च्या पीत व्हतं तवाच करीत व्हते." ती सहज बोलत होती, हात भाजीवर चालूच. "पहिल्या दिशी प्रज्ञेश आमाला म्हनला व्हता, हे आपलं न्हाई बायांनो, उसनं हाय, कंपनीनं वापराया दिलंय. मग तेंचं तेंला द्याया नगं? आपलं समदं त्यानं काढून घेतलंया. आपला पसारा परक्याच्या घरात कशाला ठिवायचा?"

"कुणाला बोलला नाहीत तुम्ही?"

"कुनी इचारलंच न्हाई. समदी चोरीच्या घोरात. घरातलं चोरीला गेलं म्हनल्यावर म्या भांडी घासल्याचं कशाला सांगत बसू?"

"आणि ती एक नोंद? पाणी गोड?"

आता ती थोडी लाजली. "रिकामं द्यावं वाटंना. आन् खड्डा झाल्यापासनं त्या पान्याच्या नोंदी तर समद्या कडूच. मग मी नांदाया आले तवाचं पानी लिवलं. तवा ते आसंच व्हतं, ताई. डाळीला दोन उकळ्या पुरायच्या."

मी विहिरीकडे बघत राहिले. आयुष्यभर मी गुन्हेगार शोधले, आणि सापडला की एक प्रकारचं बरं वाटायचं. त्या संध्याकाळी बरं वाटलं नाही. मी विचारलं, "भाजी मावळातलीच का?"

"व्हय. नेता का थोडी?"

वस्तीच्या तोंडाशी प्रज्ञेश मोटारसायकल टेकवून उभा होता. माझा चेहरा बघूनच तो समजला असावा. मी सगळं सांगितलं. तो तिथेच, रस्त्याच्या कडेला खाली बसला.

"आईला सांगू नका," तो म्हणाला. "ताई, पाया पडतो. तिनं केलं हे तिला कळलं तर ती जगायची नाही. आणि ज्यानं करायला लावलं तो मी आहे."

न सांगून काही वाचणार नव्हतं आणि सांगूनही नव्हतं. मी मान डोलावली.

६

मंगळवारी तळेगावातल्या एका कार्यालयात सुनावणी झाली. वस्तीतली माणसं मागच्या रांगांत बसली होती. बायकांनी ठेवणीतली लुगडी, साड्या नेसल्या होत्या. बाजीराव कडेला उभे होते. कोमल आली होती. हॉटेलातून तिला अजून काही कळवलं नव्हतं.

प्रज्ञेशनं रंगीत आलेख दाखवले. अधिकाऱ्यांनी ते लक्ष देऊन बघितले. माणूस सभ्य होता.

"या रेषांमागच्या मूळ नोंदी?" त्यांनी विचारलं.

"नाहीत," प्रज्ञेश म्हणाला.

मागून हिराबाईचा आवाज आला. "चोरीला गेल्या म्हन की. घरात व्हत्या न्हवं? घेतल्यात म्हनलास."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. प्रज्ञेशनं मात्र पाहिलं नाही. तो समोरच्या टेबलाकडे बघत उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी हिराबाईकडे बघत होते. लेकाच्या पाठीकडे बघता बघता तिला कळत गेलं. आधी घरात नोंदी कधी नव्हत्याच हे, आणि मग होत्या त्या कुणी पुसल्या हे.

कारखान्याचे वकील उठले. "नोंदी अगदीच नाहीत असं नाही, साहेब. संस्थेनं स्वतः दिलेल्या पत्त्यावर एक आहे." पडद्यावर ती ओळ आली. "वस्तीवरची विहीर. रंग नितळ. चव गोड. गेल्या शुक्रवारची. संस्थेच्याच खात्यातून."

"ती माझी हाय," हिराबाई म्हणाली. ती उभी राहिली होती. शेजारणीचा हात तिनं बाजूला केला. "साहेब, ती म्या घातली. साखर म्हनून घातली. भांडं रिकामं देत न्हाईत आमच्यात. पानी गोड न्हाई साहेब, पानी नासलंय. तुमी येऊन चाखा."

"म्हणजे ही नोंद तुम्हीच केलीत?" वकिलांनी विचारलं. अगदी मऊ आवाजात.

"व्हय, पर—"

"एवढंच विचारायचं होतं."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. काही क्षण मला वाटलं, हा माणूस समजला. समजलाही असेल. पण समजलेलं लिहायला त्यांच्याकडे जागा नव्हती. त्यांनी शेजारच्या कारकुनाला खूण केली आणि तो टाइप करता करता वाक्य पुटपुटत गेला: "वस्तीवरील रहिवासी महिलेने, विहिरीचे पाणी गोड असल्याची नोंद स्वतः केल्याचे मान्य केले."

बायका बोलल्या, म्हातारी माणसं बोलली. ते सगळं 'ग्रामस्थांची मते' म्हणून एका ओळीत बसलं. शेवटी एक अनपेक्षित गोष्ट झाली. बाजीराव पुढे आले आणि म्हणाले, माझ्या विहिरीचं पाणीसुद्धा नासलंय. वकिलांनी त्यांना भाडेकराराची प्रत दाखवली आणि विचारलं, मग करार मोडायचा का? बाजीराव मान खाली घालून परत कडेला जाऊन उभे राहिले.

बाहेर आवारात वस्तीची माणसं टेम्पोची वाट बघत उभी होती. कुणी हिराबाईला काही बोललं नाही, आणि ते न बोलणंच मला बघवेना. प्रज्ञेश लांब, भिंतीकडे तोंड करून उभा होता. दोन-तीनदा तो आईकडे यायला निघाला आणि परत फिरला.

मी तिच्याजवळ गेले. तुमची चूक नाही, असं काहीतरी म्हणणार होते.

ती माझ्याकडे बघत होती. डोळे कोरडे होते.

"ताई," तिनं विचारलं, "मंग रिकामंच द्याया पायजे व्हतं का?"

टेम्पो आला. बायका तिला हाताला धरून वर चढवत होत्या, आणि ती अजून माझ्या उत्तरासाठी मागे वळून बघत होती.